पैदाशीचे नर निवडताना आयजीएफ-१ची रक्तचाचणी : इंदूर परिसरातल्या नव्या वराहपालकांसाठी

वराहपालनात शंभरातले सत्तर रुपये खाद्यात जातात. त्यामुळे पैदाशीसाठी नर ठेवताना खरा प्रश्न असा असतो, की एक किलो वजन वाढवायला याला किती किलो खाद्य लागते आणि हा गुण तो पिल्लांना किती देईल. हे थेट मोजायचे तर प्रत्येक नर वेगळ्या कप्प्यात ठेवून सुमारे १०० दिवस त्याचे खाद्य तोलावे लागते. इतके कप्पे कोणाकडेच नसतात. आयजीएफ-१ (इन्सुलिनसारखा वाढीचा घटक-१) या संप्रेरकाची चाचणी इथे उपयोगी पडते. पिल्लू महिन्याचे असतानाच रक्ताच्या काही थेंबांवरून कोणाला कप्प्यात घ्यायचे आणि कोणाला नाही, याचा पहिला अंदाज येतो. अंतिम निवड त्यावर करायची नसते, हे आधीच लक्षात घ्या.

यात जनावराला काहीही टोचून वाढवले जात नाही. वाढीच्या इंजेक्शनांशी या चाचणीचा संबंध नाही. शरीरात जे आधीच आहे ते फक्त मोजायचे.

वाढीचे संप्रेरक मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीतून झटक्याझटक्याने सुटते. दहा मिनिटांपूर्वी भरपूर, आता जवळजवळ शून्य, असा त्याचा कारभार असल्याने एका नमुन्यावरून काही कळत नाही. त्याच्या हुकमाने यकृत आयजीएफ-१ तयार करते. हे रक्तात वाहक प्रथिनांना चिकटून राहते, म्हणून दिवसभरात त्याची पातळी फारशी हलत नाही. मोजायचे ते हेच. ऑस्ट्रेलियात वराहपैदास करणाऱ्यांनी ही चाचणी प्रत्यक्ष निवडीत वापरली. तिथल्या कळपांत असे दिसले, की कोवळ्या वयात आयजीएफ-१ कमी असलेल्यांची संतती पुढे कमी खाद्यात वाढते आणि पाठीवर चरबी कमी धरते. या गुणाची आनुवंशिकता साधारण ०.३ आहे, म्हणजे पिल्लापिल्लांत दिसणाऱ्या फरकातला सुमारे तिसरा हिस्सा रक्ताचा म्हणजे वंशाचा, बाकीचा खाण्यापिण्याचा, आजाराचा आणि आईच्या दुधाचा. नंतर इतर कळपांत हाच संबंध बराच सैल निघाला, म्हणून तो स्वतःच्या कळपात तपासायचा. कसा, ते शेवटी सांगितले आहे.

नवख्यांची पहिली चूक इथेच होते. वाढीचा घटक म्हणजे जास्त तो चांगला, असे धरून सर्वांत वरचा आकडा असलेला नर ठेवला जातो. इथे कमी हवा असतो. दुसरी चूक याहून घातक: उपाशी, जंतांनी पोखरलेल्या किंवा तापातून उठलेल्या पिल्लाचाही आयजीएफ-१ कमीच येतो. कागदावर ते पिल्लू सर्वांत चांगले दिसते. पुढच्या बहुतेक सूचना या दोन प्रकारचे ‘कमी’ वेगळे करण्यासाठी आहेत.

हे कोणी करावे

पाच-दहा माद्या असतील तर रक्तचाचणीवर पैसे घालू नका. त्या पैशात पिंजऱ्याचा चांगला वजनकाटा घ्या. छातीचा घेर आणि लांबी मीटरमध्ये मोजून घेर × घेर × लांबी × ६९.३ या सूत्राने किलोत वजन काढता येते, पण त्यात काही किलोंची चूक सहज होते. औषधाचा डोस ठरवायला ते चालेल, निवडीला नाही. साधारण ३० माद्या असतील आणि त्या गटाने विणाऱ्या असतील, तर चाचणीला अर्थ येतो.

गटाने विणे म्हणजे सहा माद्यांची पिल्ले एकाच दिवशी आईच्या दुधापासून तोडायची. चार ते सात दिवसांत त्या माजावर येतात, एकाच आठवड्यात फळतात आणि ११४ दिवसांनी एकाच आठवड्यात वितात. मादीमागे आठ पिल्ले धरली तर ४८ पिल्ले एका वयाची, एका हवेतली, एका खाद्यावरची मिळतात. तुलना फक्त या गटाच्या आत करायची. इंदुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा जनावरांचे खाणे घटते. मे महिन्यातल्या पिल्लाचा आकडा डिसेंबरच्या पिल्लाशेजारी ठेवला तर दोन ऋतूंचीच तुलना होते. यॉर्कशायर, लँड्रेस आणि देशी या जातींचीही एकत्र यादी करू नका.

ओळख : कानाच्या खाचा

बिल्ले पडतात, खाचा राहतात. जन्मापासून तीन दिवसांत खाचा पाडा. जनावराच्या स्वतःच्या उजव्या कानावर वेताचा क्रमांक, डाव्या कानावर पिल्लाचा. उजव्या कानाच्या खालच्या कडेला टोकाकडे १, खालच्या कडेला डोक्याकडे ३, वरच्या कडेला टोकाकडे ९, वरच्या कडेला डोक्याकडे २७ आणि अगदी टोकाला ८१. टोक सोडून प्रत्येक जागी जास्तीत जास्त दोन खाचा. वेत क्रमांक १४ म्हणजे ९ + ३ + १ + १. डाव्या कानावर याच जागा, फक्त ८१ नाही. दोन खाचांमध्ये बोटाच्या अर्ध्या रुंदीएवढी जागा सोडा, नाहीतर कान वाढताना कड फाटते आणि पुढच्या वर्षी क्रमांक वाचता येत नाही.

वहीत त्याच दिवशी जन्मवजन, आई, बाप आणि सडांची संख्या लिहा. पिल्लू दुसऱ्या मादीखाली लावले असेल तर दोन्ही माद्यांचे क्रमांक हवेत: रक्त जन्म देणाऱ्या आईचे, दूध पाजणाऱ्या आईचे. लोहाचे इंजेक्शन, २०० मिलिग्रॅम, तिसऱ्या दिवशी सगळ्यांना द्या. एखाद्याला चुकले तर पांडुरोगाने त्याची वाढ खुंटते आणि त्याचा आकडा फसवा येतो.

खच्चीकरणाची घाई नको

अनेक फार्मवर दहाव्या-पंधराव्या दिवशी सगळे नर खच्ची होतात आणि चाचणीच्या वेळी निवडायला कोणी उरत नाही. दहाव्या दिवशी फक्त नको असलेले बाजूला काढा: १४ पेक्षा कमी सड असलेले (नराचेही मोजायचे, कारण मुली त्याचेच सड घेऊन येतात), बेंबीत किंवा अंडकोषात आतडे उतरलेले, एकच अंड खाली आलेले, आणि पिल्लांवर लोळणाऱ्या किंवा दूध कमी असलेल्या माद्यांचे. २४ नरांतून साधारण १८ उरतील. त्यांना निकालापर्यंत तसेच राहू द्या. निकालानंतर नको असलेले पशुवैद्याकडून भूल देऊन खच्ची करून घ्या, कारण तोवर ते मोठे झालेले असतात.

खाद्य : माळव्यातला नेहमीचा सापळा

सोयाबीन इथे दारात पिकते. म्हणून पोत्यातले कच्चे सोयाबीन दळून पिल्लांच्या खाद्यात टाकण्याचा मोह होतो. कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिन या पाचकरसाला अडवणारा घटक असतो. प्रथिन पोटात जाते पण पचत नाही, आणि प्रथिन अंगी लागले नाही की आयजीएफ-१ घसरतो. सगळा गट ‘उत्तम’ दिसतो आणि वजने मात्र रडत असतात. मंडीत मिळणारी तेल काढलेली पेंड, जिला सगळे डीओसी म्हणतात, ती वापरा किंवा दाणा नीट भाजून घ्या. पिल्लांच्या खाद्यात २० टक्के प्रथिन, वाढीच्या काळात १८, शेवटच्या टप्प्यात १६. मका पावसाळ्यात भिजलेला, बुरशी धरलेला नको. त्यातले अफ्लाटॉक्सिन हे विष यकृतावरच घाव घालते आणि आपण मोजतो ती वस्तू यकृतातच तयार होते.

हॉटेलचे उष्टे पैदाशीच्या गटाला देऊच नका. त्यात रोज काय असेल याचा भरवसा नाही, म्हणून तुलना कोलमडते. त्याहून मोठे कारण म्हणजे आफ्रिकन स्वाइन फीव्हर. भारतात तो २०२० मध्ये पहिल्यांदा ईशान्येत आढळला आणि उष्ट्यातल्या डुकराच्या मांसातून सहज शिरतो. आपल्याकडे त्यावर लस नाही. वर्षानुवर्षे निवडलेला कळप आठवड्यात संपतो.

रक्त कधी आणि कसे

वय २८ ते ३५ दिवस. ज्यांच्याकडे ४२व्या दिवशी पिल्ले तोडतात त्यांना हे सोयीचे आहे, कारण पिल्ले अजून आईखाली असतात. तोडल्यावर पहिला आठवडा पिल्लू नीट खात नाही आणि आयजीएफ-१ कोसळतो. २८ दिवसांनाच तोडत असाल तर आदल्या दिवशी रक्त घ्या किंवा तोडल्यानंतर पूर्ण दोन आठवडे थांबा. मधल्या काळातला नमुना वाया जातो.

गटातल्या सगळ्यांचे रक्त एकाच सकाळी, आठ ते दहाच्या दरम्यान घ्या. आदल्या दिवशी प्रत्येकाचे वजन करा आणि गुदद्वाराचे तापमान घ्या. ४० अंश सेल्सिअसच्या वर असलेले, हगवण लागलेले, लंगडणारे पिल्लू त्या दिवशी यादीतून काढा. लस दिल्यानंतर आठवडाभर रक्त घेऊ नका.

रक्त काढण्याचे काम पशुवैद्याचे किंवा त्याच्या हाताखाली तयार झालेल्या माणसाचे आहे. पिल्लाला पाठीवर उताणे धरतात, मान सरळ, पुढचे पाय मागे. २० किंवा २१ गेजची दीड इंची सुई मानेच्या उजव्या बाजूने, छातीच्या हाडाच्या टोकाशेजारच्या खोलगट जागेतून आत जाते. उजवीच बाजू घ्यायची, कारण त्या बाजूला हृदयाच्या मज्जातंतूला सुई लागण्याचा धोका कमी. दोन मिलिलिटर पुष्कळ झाले. दोनदा प्रयत्न करून मिळाले नाही तर पिल्लू सोडून द्या.

रक्त साध्या लाल झाकणाच्या ट्यूबमध्ये घ्या. पिचकारीतून जोराने दाबू नका, तांबड्या पेशी फुटतात. सुई काढून कडेने हळू सोडा. अर्धा ते एक तास सावलीत उभी ठेवा, गोठल्यावर यंत्रात फिरवून वरचा पिवळसर द्रव वेगळा करा आणि उणे २० अंशांवर ठेवा. तो गुलाबी किंवा लाल दिसला तर नमुना बाद. गोठवलेला नमुना एकदाच वितळवायचा.

दुसरी पद्धत कार्डाची. कानाच्या शिरेला टोचून रक्ताचा एक मोठा थेंब गाळणकागदाच्या वर्तुळावर टेकवायचा, तो मागच्या बाजूपर्यंत भिजला पाहिजे. थेंबावर थेंब टाकला की दाट डाग पडतो आणि आकडा खोटा वाढतो. कार्ड सावलीत आडवे ठेवून तीन-चार तास वाळवा, मग सिलिका जेलच्या पुडीसह बंद पिशवीत. पावसाळ्यात हवेत ओल असते, तेव्हा रात्रभर वाळवलेले बरे. कार्डावरचे आणि ट्यूबमधले आकडे एकमेकांशी तोलू नका. एक पद्धत धरली की तीच.

ट्यूबवर क्रमांक इंग्रजी आकड्यांत, न पुसणाऱ्या पेनने लिहा. घाईत लिहिलेले १ आणि ९ प्रयोगशाळेत सहज अदलाबदल होतात.

प्रयोगशाळेला काय विचारायचे

महूला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, चौकशीची सुरुवात तिथून करा. खासगी प्रयोगशाळेत गेलात तर तीन गोष्टी विचारा. किट वाहक प्रथिने बाजूला करून मग मोजते का? आम्ल आणि अल्कोहोलने ती सोडवली नाहीत तर आयजीएफ-१ त्यांच्या मिठीतच राहतो आणि आकडा निरर्थक येतो. दुसरे, डुकराच्या रक्तावर ते किट तपासलेले आहे का? माणसाचा आणि डुकराचा आयजीएफ-१ रचनेने अगदी एकसारखा आहे, त्यामुळे माणसांसाठीचे किटही चालू शकते, पण डुकराच्या रक्तावर पडताळलेले हवे. तिसरे, प्रत्येक नमुना चाचणीच्या पत्र्यावरच्या दोन खळग्यांत लावणार का आणि त्या दोन आकड्यांत दहा टक्क्यांहून जास्त फरक पडला तर पुन्हा करणार का?

चाचणीच्या पत्र्यावर (प्लेटवर) ९६ खळगे असतात. आठ प्रमाण-द्रावणे (ज्यांतले प्रमाण आधीच माहीत असते) दुहेरी म्हणजे १६, दोन नियंत्रण नमुने दुहेरी म्हणजे ४. उरले ७६, म्हणजे ३८ पिल्ले. तुमचे १८ नर लावून २० जागा राहतात, तिथे त्याच गटातल्या चांगल्या माद्या लावा. पुढच्या गटाची वाट पाहत नरांचा निकाल लांबवू नका. एकच गट दोन पत्र्यांवर विभागू नका. विभागावाच लागला तर प्रत्येक वेतातली पिल्ले दोन्हीकडे वाटून द्या.

आकडे हाती आल्यावर

नर आणि माद्यांची सरासरी वेगळी काढा. समजा नरांची सरासरी १२० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर आली आणि एका नराचा आकडा ९६ आहे. फरक उणे २४. त्याला आनुवंशिकतेने, ०.३ ने गुणा: उणे ७.२. या नराकडे असलेला खरा आनुवंशिक वाटा सुमारे इतका. पिल्लांना त्यातला अर्धा, उणे ३.६ जातो. २४ चा फरक पाहून हुरळून गेलेल्यांनी हा हिशेब कागदावर करून पाहावा.

शेजारी दुसरा रकाना करा: त्याच वेतातल्या भावांच्या सरासरीपासूनचा फरक. सख्खी भावंडे एका आईचे दूध पितात, म्हणून सगळ्या वेताचा आकडा एकत्र वर-खाली सरकतो. पूर्ण वेतच खाली असेल तर आधी आईचे दूध तपासा. ते आटले असण्याची शक्यता रक्त चांगले असण्याइतकीच आहे.

आता गाळणी लावा. आमचा स्पष्ट सल्ला: वरचे गाळा, तळातले शोधू नका. वरच्या तिसऱ्या हिश्श्यातले सहा नर बाजूला काढा. उरलेल्या बारांत ज्याचे वजन गटाच्या सरासरीच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त खाली आहे, तो आकडा कितीही छान असला तरी नको, त्याचा ‘कमी’ उपासमारीचा आहे. एका वेतातून दोनहून जास्त घेऊ नका. केवळ सर्वांत कमी आकड्यामागे पिढ्यान्‌पिढ्या लागलात तर अंगावर काहीच साठा नसलेल्या, उशिरा माजावर येणाऱ्या माद्या तयार होण्याचा धोका आहे.

खरी परीक्षा

राहिलेल्यांतून सहा नर ३० किलोला स्वतंत्र कप्प्यात घ्या आणि ९० किलोपर्यंत खाद्य तोला. सांडलेले खाद्य गोळा करून वजा करायचे, नाहीतर गव्हाण उधळणारा नर खादाड ठरतो. ६० किलो वाढीला १८० किलो खाद्य लागले तर गुणोत्तर ३.०, १६८ लागले तर २.८. दर आठवड्याला त्याच वारी, सकाळी खाद्यापूर्वी वजन. शेवटी पाठीची चरबी अल्ट्रासाऊंडने शेवटच्या बरगडीवर, कण्यापासून साडेसहा सेंटिमीटर बाजूला मोजा. पायांकडे कागदाइतकेच लक्ष द्या: सरळ खांबासारखे मागचे पाय वर्षभरात दुखू लागतात आणि चढू न शकणाऱ्या नराचे गुणोत्तर काय कामाचे?

याच टप्प्यावर मुळांसकट उपटलेले वीस-तीस केस देऊन डीएनए तपासणीही करून घ्या. ही एकदाच करायची, तिच्यावर भूक-तापाचा परिणाम नाही. आरवायआर-१ जनुकाची दुबळी प्रत नको. ज्यांत ती दोन्हीकडून आलेली असते ते नर ताणाने आणि उष्णतेने गाडीतच दगावतात, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर हा धोका आणखी वाढतो. आयजीएफ-२ जनुकातला बदल २००३ मध्ये शोधला गेला. तो मांस वाढवतो, पाठीची चरबी घटवतो आणि फक्त बापाकडून आलेलाच काम करतो. मादीकडून आलेली प्रत पिल्लात गप्प असते. म्हणून खर्च नरावर करा. ज्याच्या दोन्ही प्रती हव्या त्या आहेत त्याच्या सगळ्या पिल्लांत फायदा दिसतो. व्यापारी यॉर्कशायर-लँड्रेस वंशांत हा बदल पुष्कळदा आधीच असतो, तेव्हा दोन-तीन नर तपासून सगळे सारखेच निघाले तर पुढे पैसे घालू नका. आणि आयजीएफ-१ व आयजीएफ-२ यांची गल्लत नको: पहिला रक्तात मोजायचा, दुसऱ्याचे जनुक वाचायचे.

निवडलेला नर आठ महिन्यांचा, साधारण १२० किलोचा झाल्यावर कामाला लावा. दीड-दोन वर्षांत बदला, म्हणजे तो स्वतःच्या मुलींवर जात नाही. बाहेरून नर आणलात तर किमान ३० दिवस वेगळ्या जागी, वेगळ्या माणसाच्या हाताखाली ठेवा.

तुमच्या कळपात हे चालते का

कप्पे सहा नव्हे, आठ बांधा. पहिल्या काही गटांत दोन कप्प्यांत मुद्दाम वरच्या तिसऱ्या हिश्श्यातले, गाळलेले नर ठेवा. फक्त कमी आकड्याचेच तोलत राहिलात तर जास्त आकड्याचे खरोखर वाईट होते का, हे कधीच कळणार नाही. पाच गटांनंतर हाताशी ४० नर असतील. चौकटीच्या कागदावर आडवी रेघ आयजीएफ-१च्या गटसरासरीपासूनच्या फरकाची, उभी रेघ खाद्य गुणोत्तराच्या गटसरासरीपासूनच्या फरकाची घ्या आणि ४० ठिपके मांडा. ठिपके डावीकडून उजवीकडे चढताना दिसले तर चाचणी चालू ठेवा. नुसते विखुरलेले दिसले तर रक्तचाचणी बंद करून तेच पैसे आणखी चार कप्पे बांधायला वापरा.